टॉप बदलला तरी पुन्हा जळतो? रॉड-गिझरच्या बोर्डातली गरमी शोधायची रीत

परभणीत दिवाळी सरली, पहाटेचं पाणी हाताला झोंबायला लागलं की माझा फोन वाजायला लागतो. समोरून ठरलेलं वाक्य येतं, "भाऊ, टॉप जळालाय, येताना नवा घेऊन या." टॉप म्हणजे वायरीच्या टोकाचा पिनांचा प्लग. तो पाणी तापवायच्या रॉडचा असतो, गिझरचा असतो, नाहीतर इस्त्रीचा. नवा टॉप बसतो, चार-आठ दिवस बरे जातात आणि पुन्हा तोच जळका वास.

मागच्या हिवाळ्यात जिंतूर रोडवरच्या एका घरी गेलो, तर काकूंनी फडताळातल्या डब्यातून तीन जळके टॉप काढून माझ्यासमोर ठेवले. तिन्ही एकाच बोर्डावरचे, दीड महिन्यातले. मी ते ओळीनं मांडले. तिन्हींची डावी-उजवी जुळवून बघितली, तर प्रत्येकाची न्यूट्रलची पिन काळी आणि फेजची पिन पिवळीधमक. तीन वेगळे टॉप एकाच बाजूला जळतात याचा अर्थ दोष टॉपात नाही. पण तिन्ही वेळा बदलला तो टॉपच.

घरगुती वायरिंगच्या कामात इतकी वर्षं काढली, त्यात हे एक दुखणं मी सगळ्यात जास्त वेळा काढलंय. म्हणून ते शोधायची माझी रीत इथं क्रमानं लिहितो. आधी फुकटात होणारं, मग शे-दीडशेत होणारं, आणि शेवटी जिथं तुम्ही हात लावायचाच नाही ते.

आधी लक्षणं

- रॉड किंवा इस्त्री दहा मिनिटं चालली की टॉप तापतो. बाहेर काढल्यावर एकच पिन चटका देते, दुसरी कोमट असते.
- सॉकेटचं एक भोक आधी पिवळं, मग तपकिरी, मग काळं पडतं. पुढं पुढं प्लॅस्टिक मऊ होऊन टॉप आतच चिकटतो.
- बोर्डाजवळ माशासारखा उग्र वास येतो. स्विच-सॉकेटाचं प्लॅस्टिक तापलं की बऱ्याचदा हाच वास सुटतो आणि धूर दिसायच्या कितीतरी आधी सुटतो.
- टॉप जरा हलवला की आत बारीक चर्रर्र आवाज होतो.
- रॉड लावला की त्याच खोलीतला बल्ब मंद होतो किंवा फडफडतो.
- त्याच सॉकेटावर टेबलफॅन, मोबाइलचा चार्जर मात्र अगदी व्यवस्थित चालतात.
- एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) एकदाही पडत नाही.

शेवटच्या दोन गोष्टींमुळं माणूस फसतो. "पंखा तर चालतोय", "एमसीबी कुठं पडलीय", असं म्हणत लोक महिना महिना काढतात. या दोन्हींचं कारण पुढं सांगतो.

त्याआधी एक. धूर किंवा ठिणगी दिसली, बादलीला, नळाला किंवा गिझरला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, बोर्डाभोवतीची भिंत गरम लागली, किंवा घरातले काही दिवे एकदम नेहमीपेक्षा जास्त उजळले आणि काही मंदावले, तर खालचं काहीही करत बसू नका. मेन स्विच बंद करा आणि माणूस बोलवा. दिवे असे कमी-जास्त होणं म्हणजे न्यूट्रल तुटत चालल्याची खूण असते. त्यात फ्रिज-टीव्ही जळतात, आणि ते काम घरातल्या बोर्डावर होत नाही.

गरमी येते कुठून

तारेतून करंट गेला की तार तापते. किती तापते, याचा नियम जेम्स जूलनं १८४१ मध्ये मांडला आणि दहावीच्या विज्ञानात आपल्या पोरांना तो शिकवतात: करंटचा वर्ग गुणिले रोध. मला हा नियम कामात रोज लागतो, म्हणून आकड्यांनीच सांगतो.

१५०० वॅटचा रॉड २३० व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर घेतो. रॉडचा स्वतःचा रोध ३५ ओहमच्या आसपास. ही गरमी पाण्यात जाते, तेच तर आपल्याला हवं असतं. आता टॉपाची पिन आणि सॉकेटातली पितळी पट्टी जिथं एकमेकींना टेकतात तो सांधा बघा. तो घट्ट आणि स्वच्छ असेल तर त्याचा रोध ओहमच्या हजाराव्या हिश्शांत मोजावा लागतो, तिथं गरमी नावालाच. पण पट्टी सैल झाली, वर काळा थर चढला आणि तो रोध अर्धा ओहम झाला, तर साडेसहाचा वर्ग सव्वाबेचाळीस, त्याचा अर्धा म्हणजे २१ वॅट. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे वापरतात ते छोटं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. म्हणजे तुमच्या सॉकेटाच्या पोटात, प्लॅस्टिकच्या आत, जवळपास एक सोल्डरिंग आयर्न चालू असतं. गिझर २००० वॅटचा असेल तर त्याच सांध्यात ३८ वॅट.

पंखा का चालतो? पंख्याचा करंट अँपिअरचा एक तृतीयांश. त्याचा वर्ग केला की एक नवमांश. त्याच खराब सांध्यात पंख्यामुळं साधारण वॅटचा विसावा हिस्सा गरमी होते. बोटाला कळणारसुद्धा नाही. पंखा चालणं म्हणजे सांधा चांगला असल्याचा पुरावा नाही.

आणि एमसीबी का पडत नाही? एमसीबी बघते करंट किती जास्त झाला ते. इथं ३५ ओहमात अर्धा ओहम वाढला, म्हणजे करंट उलट किंचित कमीच झाला. एमसीबीच्या दृष्टीनं सगळं आलबेल. आरसीसीबी, म्हणजे शॉक लागू नये म्हणून बसवतात तो स्विच, बघते गळती. इथं गळतीही नाही, जितका करंट आत गेला तितकाच परत येतोय. वितळणाऱ्या सॉकेटाची खबर या दोघींपैकी एकीलाही लागत नाही. तुमचं नाक आणि तुमचा हात, एवढेच दोन पहारेकरी.

अजून एक गोष्ट मी प्रत्येक घरी सांगतो. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार मीटरला साधारण ०.०१८ ओहम रोध देते. बोर्डापर्यंत १५ मीटर जाणं आणि १५ मीटर येणं धरलं तर ३० मीटरला झाला अर्धा ओहमच! तिथंही २१ वॅटच गरमी होते. पण ती ३० मीटरभर पसरते, मीटरला पाऊण वॅटसुद्धा नाही, तार फक्त कोमट लागते. तेवढाच अर्धा ओहम ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत आला की सॉकेट वितळतं. म्हणून रोध किती आहे यापेक्षा तो कुठं गोळा झालाय हे शोधायचं असतं. आपली सगळी तपासणी त्यासाठीच.

पहिली तपासणी: हात

खर्च काही नाही. रॉड पाण्यात नीट बुडवून दहा मिनिटं चालवा. स्विच बंद करा, टॉप त्याच्या अंगाला धरून बाहेर काढा (वायरीला धरून ओढू नका), आणि कोरड्या हातानं लगेच एकेक जागा चाचपा. पिनेला सरळ बोट टेकवू नका, आधी जवळ नेऊन धग बघा. पिन बरीच गरम असू शकते.

एकच पिन तापली असेल तर दोष त्या पिनेच्या स्क्रूत किंवा सॉकेटातल्या त्याच बाजूच्या पट्टीत. दोन्ही पिना सारख्याच तापल्या असतील तर सॉकेट लोडला पुरत नाही, किंवा आतून पूर्ण ढिलं पडलंय. टॉपाजवळची चार बोटं वायर गरम आणि पुढची गार असेल तर टॉपातला स्क्रू. वायर टोकापासून टोकापर्यंत सारखी गरम असेल तर वायरच बारीक आहे. टॉप गार पण स्विचचं बटण गरम, तर स्विचच्या आतले काँटॅक्ट. भिंत गरम, तर थांबा, ते वर सांगितलंच.

ही तपासणी न करता कुणी स्क्रूड्रायव्हर बाहेर काढला, तर समजा तो अंदाजानं काम करतोय.

दुसरी तपासणी: लेबल वाचा

रॉडच्या मुठीवर, गिझरच्या बुडाला, इस्त्रीच्या मागं वॅट लिहिलेले असतात. त्याला २३० नं भागा. १००० वॅटची इस्त्री सव्वाचार अँपिअरच्या पुढं. १५०० चा रॉड साडेसहा. २००० ची इंडक्शन शेगडी किंवा गिझर पावणेनऊ. ३००० चा इन्स्टंट गिझर १३.

आता सॉकेट बघा. आपल्याकडं दोन मापं असतात: बारीक पिनेचं ६ अँपिअरचं आणि जाड पिनेचं १६ अँपिअरचं. १५०० चा रॉड ६ च्या सॉकेटात पहिल्या दिवसापासूनच मर्यादेबाहेर चालतो. रोज वीस-पंचवीस मिनिटं असं चाललं की पट्टीची स्प्रिंग हळूहळू मरते.

खरा घात करतो तो कन्व्हर्टर. रॉडला जाड पिनेचा टॉप, बोर्डावर बारीक सॉकेट, म्हणून मध्ये पन्नास रुपयांचा कन्व्हर्टर बसवतात. पिन आत गेली म्हणजे सॉकेट १६ चं झालं नाही. उलट मध्ये सांध्यांची आणखी एक जोडी वाढली. जिथं तीन-चार वस्तू एका एक्स्टेंशन बोर्डावर लावल्यात आणि त्याची वायर गुंडाळून पलंगाखाली सरकवलीय, तिथं गरमीला बाहेर पडायला वाटच राहत नाही. रॉड, गिझर, शेगडी एक्स्टेंशनवर लावायचीच नाही. माझं हे मत कुणाला कडक वाटेल, पण मी जळलेली गादी बघितलीय.

तिसरी तपासणी: अदलाबदल

तुमच्याकडं चांगल्या स्थितीतलं दुसरं १६ चं सॉकेट असेल, बहुतेक एसीचं किंवा वॉशिंग मशीनचं, तर तोच रॉड तिथं दहा मिनिटं चालवा. तिथंही तीच पिन तापली तर दोष टॉपात. तिथं गार राहिली तर दोष जुन्या सॉकेटात किंवा त्याच्या मागं. काळी पडलेली पिन मात्र चांगल्या सॉकेटात घालू नका, ती तिथली पट्टीही खराब करते. आधी टॉप नवा लावून घ्या, मग अदलाबदल करा.

व्होल्टेजचं खापर

"आमच्याकडं व्होल्टेज कमी येतं म्हणून टॉप जळतो," हे मी गावोगाव ऐकतो. रब्बीत गहू-हरभऱ्याला पाणी सुरू झालं, डीपीवर मोटारींचा भार वाढला की व्होल्टेज उतरतं हे खरंच आहे. पण रॉड ही नुसती रोधाची तार आहे. व्होल्टेज १८० वर आलं तर करंट साडेसहाचा पाचावर येतो आणि १५०० चा रॉड जेमतेम ९२० वॅट देतो. बादलीभर, १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला एरवी २१ मिनिटं लागतात, तिथं ३४ लागतात. सांध्यातली गरमी दर मिनिटाला कमी होते, फक्त जास्त वेळ चालते. म्हणजे कमी व्होल्टेजमुळं रॉडचा टॉप जळत नाही.

मोटारीचं गणित उलटं आहे. बोअरची मोटार तेवढंच पाणी ओढायला बघते, त्यामुळं व्होल्टेज उतरलं की ती करंट जास्त घेते. स्टार्टरमधले काँटॅक्ट, केबलच्या टोकाला बसवलेले लग काळे पडायला कमी व्होल्टेज नक्की कारण होतं. दोन्ही दुखणी एकाच पिशवीत टाकू नका.

चौथी तपासणी: टॉप उघडून बघा

टॉप सॉकेटाबाहेर असला की त्यात वीज नसते, हे काम घरी जमण्यासारखं आहे. झाकणाचा स्क्रू काढा. आत काय दिसतं ते नीट बघा, कारण खरी गोष्ट इथंच लिहिलेली असते.

चांगल्या टॉपात तांबं लालसर चकचकीत असतं. तापलेल्या टॉपात स्क्रूपाशी तांब्याचे बारीक धागे आधी जांभळट, मग काळे दिसतात. नखानं दाबले तर काही धागे कुडकुडीत मोडतात. वायरीवरचं आवरण स्क्रूपासून एक-दोन बोटं कडक झालेलं, वाळल्या शेंगेच्या टरफलासारखं तडकतं. आणि स्क्रूवर स्क्रूड्रायव्हर ठेवला तर तो जवळजवळ जोर न लावताच फिरतो. तो सैल स्क्रू हेच मूळ. बाकीचं सगळं त्याच्या मागून आलेलं.

सैल कसा होतो? रोज तापतो, रोज गार होतो. तापल्यावर धातू फुगतो, गार झाल्यावर आकसतो, तांब्याचे धागे दबून बसतात आणि स्क्रूची पकड थोडी थोडी सुटते. पकड सुटली की रोध वाढतो, गरमी वाढते, तांब्यावर काळा थर चढतो, त्यानं रोध आणखी वाढतो. हे एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही. म्हणून "अजून थोडंच गरम होतंय" म्हणून वाट बघू नये.

दुरुस्ती अशी. काळी वायर पूर्ण कापून टाका, चकचकीत तांबं लागेपर्यंत मागं या. काळ्या तारेवर स्क्रू कितीही आवळला तरी मध्ये थर राहतोच. आवरण तेवढंच सोला जेवढं भोकात जाईल. धागे उजव्या हातानं पिळून, दुमडून जाड करा आणि स्क्रूखाली घाला. स्क्रू तांब्यावर बसला पाहिजे, आवरणावर नाही. एक-दोन धागे बाहेर राहिले तर ते कापून गप्प बसू नका, परत काढून नीट बसवा, कारण जितके धागे कमी तितकी वायर बारीक. धाग्यांना सोल्डर लावून स्क्रूखाली घालायची काहींना सवय असते. तसं करू नका. सोल्डर मऊ असतो, स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू चेपतो आणि महिन्याभरात पकड पुन्हा सैल होते.

रंग लक्षात ठेवा: रॉडच्या वायरीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. भिंतीतल्या वायरिंगमध्ये निळी वायर फेजची असू शकते, तिथं हा हिशेब लावू नका. हिरवी वायर जाड आणि लांब पिनेला जोडलेली असलीच पाहिजे. टॉप दोन पिनेचा आहे म्हणून किंवा "नाहीतरी चालतोय" म्हणून ती कापून टाकलेली मला अनेक घरांत सापडते. पाण्यात बुडणाऱ्या रॉडला अर्थिंग नसणं याइतकी धोक्याची गोष्ट घरात दुसरी क्वचितच असेल. शेवटी वायरीची पकडपट्टी आवळा, म्हणजे ओढ स्क्रूवर येणार नाही.

पिना काळ्या-निळ्या झाल्या असतील तर टॉप टाकून द्या. आयएसआय मार्कचा १६ अँपिअरचा जाड टॉप शे-दीडशेच्या आत येतो. कानशीनं पिन घासून वापरू नका, घासल्यावर वरचा थर जातो आणि पिन बारीक होऊन आणखी सैल बसते. पिनेची फट स्क्रूड्रायव्हरनं फाकवून "टाईट" करायची युक्तीही तशीच. तेवढ्यापुरती ती घट्ट वाटते, पण टेकते मात्र दोन कडांवर.

पाचवी तपासणी: सॉकेट

चांगल्या सॉकेटात टॉप घालायला थोडा जोर लागतो आणि काढायलाही लागतो. टॉप स्वतःच्या वजनानं लोंबत असेल, धक्क्यानं निघत असेल, तर ते सॉकेट संपलं. सॉकेटातली पितळी पट्टी म्हणजे स्प्रिंग. एकदा चांगली तापली की तिचा ताठपणा जातो आणि तो परत येत नाही. जिंतूर रोडच्या घरी हेच चाललं होतं: मेलेल्या पट्टीत दर वेळी नवी पिन जात होती आणि पट्टी तिला जाळत होती. उलटही होतं, जळकी पिन नव्या सॉकेटाला बिघडवते. म्हणून नियम एकच, टॉप आणि सॉकेट जोडीनं बदला. सॉकेटाबरोबरचा स्विचही १६ चाच हवा. खाली १६ चं सॉकेट आणि त्यावर ६ चं बटण अशी जोडी मी बघितलीय, तिथं पुढचा नंबर बटणाचा लागतो.

आता हे काम तुम्ही करावं का? बोर्ड उघडायचा म्हणजे मेन बंद करणं आलं. आणि आपल्याकडं घराघरांत इन्व्हर्टर आहे. मेन पाडली तरी इन्व्हर्टर बोर्डात वीज सोडत राहतो, त्यामुळं त्याचाही स्विच बंद करून त्याचा टॉप काढावा लागतो. टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाही असं धरू नका. तो टेस्टर चांगला आहे हे आधी दुसऱ्या चालू जागी बघून घ्यावं लागतं. ज्याला यातलं आधीपासून येतं त्यानंच हे करावं. वाचून पहिल्यांदाच करणार असाल तर इथं थांबा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. सॉकेट बदलायची मजुरी एका जळक्या मिक्सरपेक्षा कमीच असते.

वायरमन आला की त्याच्या शेजारी उभं राहा आणि तीन गोष्टी विचारा. सॉकेटामागं आलेली वायर किती चौरस मिलिमीटरची आहे? १६ च्या पॉइंटला किमान २.५ हवी, मोठ्या गिझरला ४ बरी. एकाच स्क्रूखाली दोन-तीन वायरी कोंबल्यात का? आणि वायर थेट एमसीबीपासून आलीय, की पंख्याच्या बोर्डावरून फिरवून घेतलीय? फिरवून घेतलेली असेल तर रॉडचा सगळा करंट त्या पंख्याच्या बोर्डातल्या सांध्यांतूनही जातो, आणि उद्या तो बोर्ड जळेल.

जिथं हात लावायचा नाही

भिंतीच्या आतले सांधे. जुन्या घरांत अ‍ॅल्युमिनियमची वायर सापडते. तिला तांब्याची वायर नुसती पिळून वर टेप मारलेली असते. अ‍ॅल्युमिनियमवर हवेनं क्षणात थर चढतो, तो थर वीज जाऊ देत नाही. शिवाय दोन धातू ओलीत एकत्र आले की सांधा खात जातो. वरून टेप बदलून तो बरा होत नाही. तो कापून योग्य कनेक्टरनं जोडायचा किंवा वायरच बदलायची, हे वायरमनचंच काम.

फ्यूज आणि एमसीबी. किटकॅट फ्यूजमध्ये (जुना, तार बदलता येणारा फ्यूज) फ्यूजच्या तारेऐवजी वायरीचा धागा पिळून घालणं, किंवा पडते म्हणून १६ ची एमसीबी काढून ३२ ची बसवणं, यातलं काही कुणालाही करू देऊ नका. एमसीबी भिंतीतल्या वायरीच्या मापाची असते. तिचं माप वाढवलं की आधी वायर जळेल, मग ती पडेल.

मीटर, मीटरच्या आधीची सर्व्हिस वायर, पोलवरचं जोडणं. घरातले सगळेच दिवे एकदम फडफडत असतील, शेजाऱ्यांकडंही तसंच असेल, किंवा मीटरच्या पेटीतून चर्रर्र आवाज येत असेल, तर दोष तुमच्या बोर्डात नाही. मीटरचं सील तोडायचं नाही, पोलवर कुणाला चढवायचं नाही. महावितरणला १९१२ वर तक्रार द्या आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

रॉडचं स्वतःचं दुखणंही इथंच सांगतो. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. रॉडच्या वेटोळ्यांवर पांढरा कडक थर चढतो, आतली गरमी पाण्याला मिळायला उशीर होतो, वेटोळं आतून जास्त तापतं आणि एक दिवस तडकतं. तडकलेल्या रॉडमधून वीज थेट पाण्यात उतरते. गार रॉड टॉप काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात ठेवला की थर सुटतो. चाकूनं खरवडू नका. आणि रॉडचा टॉप काढल्याशिवाय बादलीत बोट घालून पाणी तापलं का बघायचं नाही, हे घरातल्या पोरांना नीट समजावून सांगा.

काम झाल्यावर

नवा टॉप, नवं सॉकेट बसवलं की मी लगेच पैसे घेऊन निघत नाही. बादली भरून रॉड वीस मिनिटं चालवतो आणि पहिलीच तपासणी पुन्हा करतो. पिन कोमट लागली तर चालेल, चटका बसला तर काम झालेलं नाही.

जिंतूर रोडच्या घरी सॉकेट उघडल्यावर मागं न्यूट्रलच्या स्क्रूखाली दोन वायरी होत्या. त्यातल्या एकीचा स्क्रू तांब्यावर नव्हताच, अर्धा आवरणावर बसला होता. तिथलं आवरण वितळून काळ्या गुळासारखं झालं होतं. दोन्ही वायरी चकचकीत तांबं लागेपर्यंत कापल्या, दुसऱ्या पॉइंटची वायर वेगळ्या कनेक्टरनं जोडली, १६ चं सॉकेट, १६ चं बटण, नवा टॉप. वीस मिनिटांनी काकूंनी स्वतः पिनेजवळ बोट नेलं, मग टेकवलं आणि म्हणाल्या, "अहो, हे तर गारच आहे की!"

संक्रांतीला त्यांनी तीळगुळाला बोलावलं, तेव्हा जाताना स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला. मेन आणि इन्व्हर्टर बंद करून सॉकेट उघडलं आणि प्रत्येक स्क्रू आवळून बघितला. न्यूट्रलचा पाव फेरा फिरला, फेजचा जागचा हलला नाही.